पूर्ण भूल : मधले पावणेदोन तास गेले कुठे?

निळीशाई
नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, सगळं व्यवस्थित पार पडलं आणि आता मी ठणठणीत आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. टेबलावर झोपवल्यावर हातातल्या सुईतून एक दुधासारखं पांढरं औषध दिलं, दंडापर्यंत चरचरत गेलं, भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या आता थोडं झणझणेल, मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यानंतर जे ऐकलं ते थेट "डोळे उघडा, झालं ऑपरेशन". मधे काहीच नाही. मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. घड्याळात पावणेदोन तास गेले होते.

झोपेत असं होत नाही ना. कितीही गाढ झोपलं तरी उठल्यावर बराच वेळ गेलाय हे आतून कळतं. इथे दोन क्षण एकमेकांना चिकटवल्यासारखे होते. घरी येऊन वाचायला घेतलं तर सगळीकडे "गाबा रिसेप्टरवर काम करतं" हे एक वाक्य आणि त्यापुढे सगळं डोक्यावरून जाणारं. काम करतं म्हणजे नेमकं काय करतं? आणि एका रिसेप्टरला हात लावून अख्खा माणूस कसा नाहीसा होतो?

विचारायचं आणखी एक कारण आहे. पुढच्या महिन्यात बाबांचं खुब्याचं ऑपरेशन आहे, वय ७६. त्यांना ऑपरेशनची नाही, भुलेची भीती वाटतेय. "गेलो तो परत आलोच नाही तर" असं एकदाच म्हणाले, मग विषय बदलला. मला त्यांना नीट समजावून सांगता यायला हवं, म्हणून ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

अर्धविराम
माझा अनुभव अगदी उलटा आहे म्हणून लिहितोय. नऊ-दहा वर्षांचा असताना हात मोडला होता, तो जागेवर बसवायला भूल दिली होती. मला ते कोरं असं काही आठवत नाही, उलट मी छताजवळ कुठेतरी आहे, खाली कुणीतरी मुलगा झोपलाय, आवाज लांबून येतायत असं आठवतं. दुखलं अजिबात नाही. डोळे उघडेच होते असं आई सांगते. मग ही भूल वेगळी होती का, की मीच अर्धवट जागा होतो?

पाऊलवाट
वाचतेय. चांगला धागा.

ओटीतला
मी भूलतज्ज्ञ आहे, एकवीस वर्षं हेच काम करतोय. निळीशाई, तुमचा प्रश्न मला पेशंट जवळजवळ रोज विचारतात आणि ओटीच्या दारात मी दोन वाक्यांत उत्तर देतो, ते पुरेसं नसतं हे मलाही माहीत असतं. इथे जरा निवांत लिहितो.

तुम्हाला दिलेलं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचं बारीक इमल्शन करतात, पांढरेपणा त्याचा. शिरेच्या भिंतीला ते झोंबतं म्हणून चरचरलं. हातातून हृदयात, तिथून मेंदूत, या प्रवासाला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, तुमचं "हो" तेवढ्यातच अडकलं.

आता गाबा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप सतत देत असतात, "पेट" आणि "थांब". पेट म्हणणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, थांब म्हणणारं मुख्य रसायन गाबा. गाबा ज्यावर येऊन बसतं तो गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात रुतलेली पाच प्रथिनं, गोल करून उभी असलेली, आणि त्यांच्या मधोमध एक बोगदा. एरवी बोगदा बंद असतो. गाबा बाहेरच्या बाजूला येऊन बसलं की पाचही प्रथिनं जराशी वळतात, बोगदा उघडतो आणि क्लोराइडचे कण आत शिरतात. क्लोराइडवर ऋण भार असतो, त्यामुळे पेशीच्या आतला भाग आणखी ऋण होतो आणि तिला पेटायला जड जातं. थोड्या मिलिसेकंदांत बोगदा मिटतो. मेंदूभर सेकंदाला अगणित वेळा हे चाललेलं असतं, आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हाही.

प्रोपोफॉल गाबाच्या जागेवर बसत नाही. ते आवरणाच्या जाडीत, दोन प्रथिनांच्या मधल्या फटीत, बीटा आणि अल्फा नावाच्या तुकड्यांच्या सांध्यात जाऊन बसतं, पाचरीसारखं. मग गाबाने उघडलेला बोगदा लवकर मिटतच नाही. म्हणजे "थांब" हा निरोप तोच, देणाराही तोच, पण प्रत्येक थांब लांबत जातो. डोस वाढवला तर गाबा नसतानाही बोगदा उघडायला लागतो.

आणि एका रिसेप्टरला हात लावून माणूस कसा नाहीसा होतो, तर हा रिसेप्टर एका कोपऱ्यात नसतो हो. मेंदूच्या बाहेरच्या थरात म्हणजे कॉर्टेक्समध्ये आहे, शरीराकडून येणारे निरोप तिकडे पोचवणाऱ्या थॅलॅमसमध्ये आहे, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आहे, जागं ठेवणाऱ्या केंद्रांवर आहे, श्वास चालवणाऱ्या भागातही आहे. सगळीकडे एकदम थांब लांबला की काय होईल विचार करा. म्हणून तर प्रोपोफॉल दिलं की पेशंटचा श्वास बरेचदा थांबतो आणि त्या क्षणी तो श्वास माझ्या हातात असतो, मास्क धरून मी तो देत असतो. निळीशाई, ज्या मिनिटाची तुम्हाला आठवण नाही त्या मिनिटात कुणीतरी तुमची हनुवटी उचलून धरली होती, हे बाबांना नक्की सांगा.

निळीशाई
डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना आत्ताच वाचून दाखवते. पाचरीचं कळलं. पण औषधाला ती फट सापडते कशी?

रेणुवेडी
मी जीवरसायनशास्त्रात काम करते, रिसेप्टर हाच माझा विषय, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. औषधाला फट कशी सापडते यापेक्षा लोकांना ती फट सापडायला किती वर्षं लागली ही गोष्ट मला जास्त भारी वाटते.

१८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या डेंटिस्टने ईथर देऊन एका माणसाच्या मानेवरच्या गाठीचं ऑपरेशन सगळ्यांसमोर होऊ दिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. म्हणजे वापर धडाक्यात सुरू झाला, पण हे काम कसं करतं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पन्नासेक वर्षांनी, १८९९ मध्ये मायर आणि १९०१ मध्ये ओव्हर्टन, दोघांच्या स्वतंत्रपणे एक गोष्ट लक्षात आली की जो पदार्थ तेलात जितका जास्त विरघळतो तितकी त्याची भूल जास्त जोरदार. बेडकाची पिल्लं पाण्यात पोहायची थांबतात का हे बघून मोजलं होतं. आणि हे नातं इतकं सरळ रेषेत येतं की बघणाऱ्याला वाटावं उत्तर मिळालंच. पेशीचं आवरण चरबीचं असतं, औषध त्या चरबीत मुरतं, आवरण सैल पडतं, पेशी बंद. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बहुतेकांनी हेच धरलं.

पण त्यात खटकणाऱ्या गोष्टी होत्या. एक तर भुलेच्या डोसने आवरणात जितका फरक पडतो तितका फरक शरीराचं तापमान एक अंशाने वाढलं तरी पडतो, आणि ताप आला म्हणून कुणाला भूल चढत नाही. दुसरं, लांब साखळीची अल्कोहोल घेतली तर साखळी वाढेल तशी ताकद वाढते आणि साधारण बारा-तेरा कार्बनच्या पुढे अचानक संपते, तेलात विरघळणं मात्र वाढतच राहतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. काही औषधांचे रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखे दोन रूपांत असतात, आरशातली प्रतिमा. चरबीला डावं-उजवं कळत नाही, दोन्ही सारखेच विरघळतात. पण इटोमिडेट या औषधाचं एक रूप दुसऱ्याच्या कितीतरी पट जास्त भूल देतं. हातमोजा डाव्या हाताचा आहे की उजव्या हे ज्याला कळतं अशी काहीतरी घडीव जागा मेंदूत असली पाहिजे, आणि घडीव जागा म्हणजे प्रथिन.

१९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब या दोघांनी काजव्याचं प्रकाश देणारं एन्झाइम घेतलं, चरबीचा थेंबही नसलेलं शुद्ध प्रथिन, आणि दाखवलं की भुलेची औषधं त्याचा प्रकाश मंदावतात, आणि तेही साधारण त्याच प्रमाणात ज्या प्रमाणात प्राण्याला भूल चढते. म्हणजे ते तेलातलं विरघळणं प्रथिनाच्या आतल्या तेलकट पोकळीलाही लागू पडत होतं! मायर-ओव्हर्टनचं गणित बरोबर होतं, फक्त तेल कुठे आहे ते चुकलं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, प्रोपोफॉलचा रेणू लहान आणि तेलकट, त्याला पाण्यात राहायला आवडत नाही, तो आवरणाच्या चरबीत शिरतो आणि तिथून बाजूने त्या फटीत सरकतो. २०२० मध्ये क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने, म्हणजे गोठवलेले रेणू बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, गाबा-ए रिसेप्टरमध्ये बसलेलं प्रोपोफॉल प्रत्यक्ष दिसलं. मॉर्टनच्या त्या सकाळनंतर १७४ वर्षांनी. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ स्क्रीनसमोर नुसती बसून होते.

जुनी_वही
रेणुवेडी, काजव्याचं वाचून अंगावर काटा आला. असं कुणी शाळेत शिकवलं असतं तर.

पाऊलवाट
दोन प्रश्न. झोपेची गोळीपण गाबावरच काम करते असं ऐकलंय, मग गोळी घेऊन माणूस फक्त झोपतो आणि या औषधाने ऑपरेशन होतं असं का? आणि दारूचं काय?

ओटीतला
पाऊलवाट, चांगला प्रश्न. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम या गोळ्या-इंजेक्शनं त्याच गाबा-ए रिसेप्टरवर बसतात, पण मुख्यतः दुसऱ्या ठिकाणी, बाहेरच्या बाजूला अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या मधे. तिथे बसून ती गाबाला मदत करतात, गाबा आलं तर बोगदा जास्त सहज उघडतो. पण गाबाच आलं नाही तर ती स्वतः काही उघडू शकत नाहीत. त्यामुळे त्यांच्या परिणामाला एक छत आहे. प्रोपोफॉलला असं छत नाही. फ्लुमाझेनिल नावाचं औषध या गोळ्यांना त्यांच्या जागेवरून हटवतं, म्हणजे त्यांना उतारा आहे. प्रोपोफॉलला उतारा नाही, ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरायची वाट बघायची, एका डोसचं ते पाच-दहा मिनिटांत होतं. लांब ऑपरेशन असेल तर ते सतत पंपाने देत राहावं लागतं किंवा मग सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासातून.

दारू गाबावरही काम करते आणि ग्लुटामेटवरही. रोज पिणाऱ्याचे रिसेप्टर त्या दाबाला सरावतात, मग भुलेचा हिशोब बदलतो. गोळ्यांचंही तसंच. मी तपासणीत विचारतो तेव्हा लोक नाही म्हणतात, शेजारी नातेवाईक बसलेले असतात म्हणून. मला त्यांना ओरडायचं नसतं, मला फक्त त्यांच्या रिसेप्टरची खरी परिस्थिती कळायला हवी असते. कृपया खरं सांगत जा.

आता अर्धविराम. तुम्ही अर्धवट जागे नव्हता, तुम्हाला बहुतेक केटामाइन दिलं होतं. मुलांचं हाड बसवायला ते अजूनही वापरतात. केटामाइन गाबाच्या वाटेने फारसं जातच नाही. ते जातं "पेट" म्हणणाऱ्या बाजूने. ग्लुटामेटचा एक रिसेप्टर आहे, एनएमडीए. त्याचा बोगदा उघडला की केटामाइन थेट बोगद्यातच जाऊन अडकतं. पण गंमत अशी की सुरुवातीला सगळ्यात जास्त अडतात त्या थांब म्हणणाऱ्या पेशी, त्या गप्प झाल्या की कॉर्टेक्सच्या बाकीच्या पेशी मोकाट होतात. मेंदू शांत होत नाही, उलट ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, वेगवान लाटा दिसतात. डोळे उघडे, श्वास चालू, बीपी वर, आणि माणूस मात्र बाहेरच्या जगापासून तुटलेला. शरीराकडून येणारे निरोप कॉर्टेक्समध्ये पोचतात पण त्यांचा "माझं शरीर" असा अर्थ लागत नाही, म्हणून छताजवळून खालचा मुलगा दिसतो. तुमच्या आईने बघितलेले उघडे डोळे अगदी खरे आहेत.

अर्धविराम
बत्तीस वर्षांनी उत्तर मिळालं. मी हे कुणालाच सांगत नसे कारण लोक काहीतरी भलताच अर्थ काढायचे. मनापासून आभार डॉक्टर.

शंभरपानी
सगळं छान पण एक शंका. मी वाचलंय की मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक झोप आणणारं केंद्र आहे, ते रोज रात्री गाबा सोडूनच जागं ठेवणारी केंद्रं बंद करतं. म्हणजे प्रोपोफॉलही तेच करतं की, फक्त जास्त जोरात. मग भूल म्हणजे औषधाने आणलेली गाढ झोपच म्हणायला काय हरकत आहे? डॉक्टर लोकसुद्धा पेशंटला "आता झोपवतो" असंच म्हणतात.

ओटीतला
आम्ही तसं म्हणतो ते धीर द्यायला, आणि मी हल्ली म्हणणं कमी केलंय. तुम्ही वाचलेलं चुकीचं नाही, हलक्या डोसला झोपेचीच यंत्रणा थोडीफार वापरली जाते असा पुरावा आहे. पण झोपलेल्या माणसाच्या पोटावर चाकू लावून बघा, तो ताडकन उठेल. झोपेत मेंदू साधारण दीड-दीड तासाच्या चक्रांत टप्पे बदलतो, स्वप्नं पडतात, कूस बदलतो, आणि वेळ गेल्याची काहीतरी नोंद राहते. प्रोपोफॉलमध्ये कपाळाजवळच्या ईईजीवर सेकंदाला ८ ते १२ च्या वेगाने एक एकसुरी लाट सुरू होते, थॅलॅमस आणि कॉर्टेक्स एकमेकांत एकाच ठेक्यात अडकतात. त्याखाली सेकंदाला एकाहूनही कमी अशी संथ लाट असते, तिच्यात प्रत्येक भागातल्या पेशींना पेटायला एक छोटीशी खिडकी मिळते, आणि शेजारच्या भागाची खिडकी भलत्याच वेळी उघडते. म्हणजे एक बोलतो तेव्हा दुसऱ्याचे कान बंद. मेंदूचे तुकडे काम करत असतात पण एकमेकांशी बोलू शकत नाहीत. डोस आणखी वाढवला तर ईईजी काही सेकंद सपाट होतो, मग एक उसळी, परत सपाट. हे निरोगी माणसाच्या झोपेत कधीच दिसत नाही, हे कोमाच्या जवळचं आहे, फक्त आमच्या ताब्यातलं आणि परत आणता येण्याजोगं.

झोपेच्या खरंच जवळ जाणारं औषध म्हणजे डेक्समेडेटोमिडिन. ते गाबावर नाही, लोकस सेरुलियस नावाच्या केंद्रातल्या अल्फा-टू रिसेप्टरवर बसतं आणि जागं ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन थांबवतं. त्यातल्या पेशंटला हाक मारली की तो डोळे उघडतो, उत्तर देतो आणि परत झोपतो. आयसीयूत मी ते वापरतो.

शंभरपानी
पटलं. खिडक्यांचं तर फारच. मी माझं मत मागे घेतो.

रेणुवेडी
शंभरपानी यांच्या शंकेत अजून एक गोष्ट दडलीय ती लिहूनच टाकते. आपण "भूल" असा एक शब्द वापरतो पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शुद्ध नसणे, आठवण न राहणे आणि चाकू लागला तरी न हलणे. आणि या तिन्ही वेगवेगळ्या जागी घडतात!

न हलण्याचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये बकऱ्यांवर प्रयोग झाला, त्यात आयसोफ्लुरेन वायू फक्त मेंदूच्या रक्तात जाईल आणि बाकी शरीरात जाणार नाही अशी व्यवस्था केली. तर बकरी हलू नये म्हणून नेहमीच्या दुपटीहून जास्त वायू लागला. म्हणजे न हलणं हे मुख्यतः मेंदूत घडतच नव्हतं, ते मज्जारज्जूत घडत होतं. आणि डॉक्टर लोक वायूची ताकद ज्या एककात मोजतात ते मॅक हे न हलण्यावरच बेतलेलं आहे, चिरा दिल्यावर निम्मे पेशंट हलणार नाहीत इतका वायू म्हणजे एक मॅक. शुद्ध तर त्याच्या साधारण एक तृतीयांशातच हरपते.

मग उंदरांचा प्रयोग. २००३ मध्ये गाबा-ए रिसेप्टरच्या बीटा-३ तुकड्यात २६५ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर बघितले गेले. एक बदल! बाकी उंदीर नेहमीसारखे जगत-फिरत होते. पण प्रोपोफॉल किंवा इटोमिडेट दिल्यावर पायाला चिमटा काढला तर ते पाय ओढून घ्यायचे, डोस वाढवला तरी. बीटा-२ मध्ये बदल केला तर वेगळा भाग जातो, गुंगी कमी होते. आणि आठवण पुसण्यात अल्फा-५ तुकड्याचा हात आहे, जो हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर असतो. निळीशाई, तुमचे ते चिकटलेले दोन क्षण, त्यात अल्फा-५ चा वाटा आहे.

वायूंचं गणित मात्र इतकं नेटकं नाही. तेच बीटा-३ चे उंदीर हॅलोथेन या वायूला बऱ्यापैकी नेहमीसारखे बळी पडले. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन गाबा वाढवतात, शिवाय ट्रेक-१ सारखे पोटॅशियमचे बोगदे उघडतात, ज्यातून पोटॅशियम बाहेर गळतं आणि पेशी शांत होते, शिवाय पेशींच्या निरोप सोडणाऱ्या टोकांवरही दाब आणतात. ट्रेक-१ नसलेल्या उंदरांना भूल चढवायला वायू जास्त लागतो, पण चढते. म्हणजे एक दार बंद केलं तरी बाकीची उघडी. आणि झेनॉन तर शरीरात कशाशीच रासायनिक संयोग न करणारा वायू, तोसुद्धा एनएमडीए रिसेप्टरवर बसून माणसाला बेशुद्ध करतो. नुसतं योग्य पोकळीत बसून राहणं एवढंच त्याचं काम. लाफिंग गॅसही एनएमडीएवालाच, पण इतका हलका की त्याचा एक मॅक यायला १०४ टक्के लागेल, म्हणून तो कधी एकटा पुरत नाही.

जुनी_वही
हे सगळं वाचून मला एकच भीती वाटते ती विचारते. तिन्ही गोष्टी वेगळ्या असतील तर असं होऊ शकतं का की माणूस हलत नाहीये पण शुद्धीवर आहे? माझ्या एका नात्यातल्या बाईंना असं झालं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि नंतर कुणी विश्वासच ठेवला नाही.

ओटीतला
होऊ शकतं. आणि ज्यांना झालंय त्यांच्यावर विश्वास ठेवला पाहिजे, सगळ्यात आधी हे. तुमच्या त्या नातेवाईक बाईंना कुणीतरी बसून ऐकून घ्यायला हवं होतं.

यात आणखी एक औषध येतं जे भूल नाहीच, स्नायू सैल करणारं. ते मेंदूत जातही नाही. नस जिथे स्नायूला मिळते तिथल्या निकोटिनिक रिसेप्टरवर बसून ते स्नायूला निरोप पोचू देत नाही. पोटाच्या ऑपरेशनला ते लागतं. पण त्यामुळे पेशंटला शुद्ध आली तर तो सांगू शकत नाही, हात हलत नाही, डोळा उघडत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये अहवाल आला, पेशंटने आपणहून सांगितलेल्या अशा घटना साधारण १९,००० भुलांमागे एक. स्नायूंचं औषध वापरलं तिथे साधारण ८,००० मागे एक, आणि ते वापरलं नाही तिथे एक लाखाहून जास्त भुलांमागे एक. फरक बघा केवढा. म्हणून आम्ही वायूचं प्रमाण मोजतो, कपाळावर ईईजीच्या पट्ट्या लावतो, नाडी-बीपीकडे डोळे लावून बसतो.

आणि एक पद्धत आहे जिच्यामुळे मी स्वतः खूप विचारात पडलो होतो. स्नायूंचं औषध द्यायच्या आधी एका हाताला पट्टा आवळून त्या हातात औषध जाऊ द्यायचं नाही. मग भूल चालू असताना पेशंटला नावाने हाक मारून सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. थोडे पेशंट दाबतात. नंतर विचारलं तर त्यांना काही आठवत नाही. त्या क्षणी ते तिथे होते का? मी हा प्रश्न घेऊन बरीच वर्षं राहिलोय. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय की ओटीत पेशंटबद्दल असं काहीही बोलायचं नाही जे तो जागा असताना बोललो नसतो, आणि माझ्या ज्युनिअर्सनाही हेच सांगतो.

जुनी_वही
डॉक्टर, तुमचं हे उत्तर मी त्यांना पाठवलंय. त्यांनी दोनदा वाचलं म्हणाल्या.

निळीशाई
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. डॉक्टर, बाबांच्या वयाला हे रिसेप्टर वेगळे वागतात का? आणि परत येणं, ते कसं होतं? त्यांची खरी भीती ती आहे.

ओटीतला
वय वाढतं तशी भूल कमी लागते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी वायूची गरज साधारण ६ टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे ७६ व्या वर्षी डोस बेताने, हळूहळू. भुलेनंतर एखाद-दोन दिवस गोंधळणं, वेळ-जागा न कळणं हे या वयात होऊ शकतं, त्यासाठी चष्मा आणि ऐकायचं यंत्र असेल तर लगेच परत द्यायचं, घरचं माणूस जवळ ठेवायचं, रात्री झोपू द्यायचं. याचा खरंच उपयोग होतो.

आणि खुब्याला बरेचदा आम्ही मणक्यातूनच भूल देतो. त्यातलं औषध मेंदूतल्या रिसेप्टरवर जात नाही, ते नसांमधले सोडियमचे बोगदे बंद करतं, कमरेखालचे निरोप वर येतच नाहीत. बाबा जागे राहू शकतात किंवा हलकी गुंगी घेऊ शकतात. त्यांच्या भूलतज्ज्ञांना हा पर्याय जरूर विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

रेणुवेडी
परत येण्याबद्दल मी लिहिते. बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की शुद्धीवर येणं म्हणजे जाण्याचीच वाट उलट, औषध कमी झालं की माणूस आपोआप वर येतो. पण ओरेक्सिन नावाचं, जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी नसलेले उंदीर घेतले तर त्यांना भूल चढायला नेहमीइतकाच वायू लागला, मात्र जागं व्हायला खूप जास्त वेळ. म्हणजे मेंदू नुसता औषध उतरायची वाट बघत नाही, तो स्वतः परत येण्याचं काम करतो, त्यासाठी त्याची वेगळी यंत्रणा आहे. बाबांना सांगा की परत येणं हे फक्त डॉक्टरांवर किंवा औषधावर नाही, त्यांचा मेंदूही तिकडून ओढत असतो.

पाऊलवाट
एक शेवटचा प्रश्न, लाजाळूच्या झाडाला भूल देता येते असं वाचलं होतं ते खरं आहे का? त्याला तर मेंदूच नाही.

रेणुवेडी
खरं आहे. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लाजाळूला ईथरची वाफ दिली होती, पानाला हात लावला तरी ते मिटायचं नाही, आणि वाफ काढली की काही वेळाने परत मिटायला लागायचं. मेंदू नाही, पण पेशींची आवरणं आहेत, त्यातून विजेचे निरोप जातात, ते निरोप नेणारे बोगदे आहेत. म्हणून मला वाटतं की आपल्या मेंदूत गाबाने ही गोष्ट जास्त नाजूकपणे उचललीय इतकंच, मूळ त्याहून जुनं असावं. हे माझं मत, सगळे सहकारी मान्य करतीलच असं नाही.

निळीशाई
मंडळी, काल बाबांची भुलेची तपासणी झाली, म्हणून परत आले. आदल्या रात्री मी त्यांना हा पूर्ण धागा वाचून दाखवला. झोपेच्या गोळ्यांचा आणि सरावलेल्या रिसेप्टरचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवून परत वाचायला सांगितला. काल डॉक्टरांनी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, मी बीपीच्या गोळीचं सांगितलं, आणि मग बाबा स्वतःहून म्हणाले मी आठ वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम घेतो. आम्हाला घरात कुणालाही माहीत नव्हतं. आई गेल्यापासून घेतायत. डॉक्टरांनी काही ओरडा केला नाही, फक्त डोस विचारून लिहून घेतला. मणक्यातूनच भूल द्यायचं ठरलंय. ओटीतला डॉक्टर, मी घरी आल्यावर ती गोळी लगेच बंद करायला सांगू का?

ओटीतला
नाही, अजिबात नाही, आणि हे वाचाल तेव्हा लगेच बाबांनाही सांगा. आठ वर्षांत त्यांचे गाबा रिसेप्टर त्या गोळीच्या मदतीला सरावलेत, ती एकदम काढली तर थांब म्हणणारी बाजू दुबळी पडते आणि पेट म्हणणारी मोकळी सुटते, झोप उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते, आणि ऑपरेशननंतरचा गोंधळ वाढू शकतो. बदल करायचाच असेल तर तो त्यांचे डॉक्टर ऑपरेशननंतर आठवड्या-आठवड्याने हळूहळू करतील. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी गोळी घ्यायची की नाही हे कालच्याच भूलतज्ज्ञांना फोन करून विचारा, त्यांनी लिहून घेतलंय म्हणजे त्यांनी हिशोबात धरलंय. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी काल जे सांगितलं ते त्यांच्या भूलतज्ज्ञांच्या फार कामी येणार आहे.